सतरा अक्षरांचं अंतर

बेलापूरला, सेक्टर पंधरामधल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावर
दोन टेबलांच्या मध्ये एक लोखंडी कपाट होतं
आणि त्यावर कुणाचाच नसलेला मनीप्लँट.
अलीकडे मी, म्हणजे मायक्रोआरएनए.
पलीकडे तळोज्याचा उबेद फकीह, म्हणजे प्रथिनं,
आरएनएला जाऊन चिकटणारी.
दोन वर्षं आम्ही एकमेकांकडे
फक्त चार्जर मागितला.

माझं काम सांगायचं तर:
पेशीत एक निरोप निघतो. निरोप संपतो,
'थांबा' असं स्पष्ट लिहिलेलं असतं,
आणि तरी मजकूर चालूच राहतो,
चपला घालून दारात उभ्या राहिलेल्या
आमच्या आत्यासारखा.
खरा कारभार त्या शेपटात.
तिथे बावीस अक्षरांचा एक तुकडा येतो,
त्यातली सात जुळली की बसतो
आणि निरोप हळूहळू विझतो.

पण सात अक्षरं काय, कुठेही जुळतात.
माझ्या प्रोग्रामने तीस हजार जागा काढून दिल्या.
पेशी त्यातल्या बहुतेकींकडे ढुंकूनही बघत नव्हती.
पत्रिका जुळली म्हणून लग्न होतंच, असं थोडंच आहे.
उबेदचं उलट. त्याची प्रथिनं बसत होती बरोबर,
बसून काही करत नव्हती.

एप्रिलात कपाटाला वाळवी लागली.
ते पॅसेजमध्ये नेलं. आणि आम्हाला
एकमेकांचे स्क्रीन दिसले.

"भाविका," तो म्हणाला, "ही तुझी जागा?"
हो.
"मग ही माझी."
एकाच शेपटावर. मध्ये सतरा अक्षरं.
मी मोजली. त्याने मोजली.
मग दोघांनी बोट लावून मोजली, शाळेतल्यासारखी.

तेव्हा मला दिवाळ्याचा काका आठवला.
ओहोटीला खाडीत तो पाग घेऊन उभा,
आणि धर्मा लांबवर काठीने पाणी बडवतोय.
"धर्माला मासा गावत नाय," काका सांगायचा,
"पन तो नसला त मना पन गावत नाय."
मी आठ वर्षांची. मला वाटायचं, धर्मा खेळतोय.

आरएनएचा धागा सरळ नसतो ना.
तो स्वतःवरच दुमडतो, आणि माझी सात अक्षरं
त्या घडीत झाकून जातात.
शेजारी प्रथिन येऊन बसतं. घडी सुटते.
बोय उसळते.

(उबेदला हे सांगितलं. तो म्हणाला,
"मी काठीवाला, असंच ना?" आणि
दुपारभर बोलला नाही.)

मग परीक्षा. सगळी अक्षरं पिसायची,
पत्त्यांसारखी, दहा हजार वेळा,
आणि बघायचं, नुसत्या योगायोगाने
किती शेजारी तयार होतात.
बरेच होतात. सव्वाचारशे जोड्यांपैकी
सकाळी नऊ उरल्या.
बोट लावून मोजलेली ती पहिली
त्यात नव्हती.

मी कॅन्टीनमध्ये जाऊन वडापाव खाल्ला.
दुसरा पण खाल्ला.

नवातल्या पाच जोड्या काका-धर्मासारख्या.
तिघींत मात्र तेच प्रथिन
अगदी अंगाला अंग लावून बसतं,
माझ्या तुकड्याला जागाच देत नाही,
निरोप वाचवतं.
एकच काठी. इथे मासे उठवते,
तिथे हाकलते.
कुठे काय, हे अंतरावर, आणि अंतर
कुणी ठरवलं, ते आम्हाला विचारू नका.

पेपरवर पहिलं नाव कुणाचं, यावर आठवडा गेला.
रविवारी काकाला विचारलं.
तो जाळं विणत होता, मान वर न करता म्हणाला,
"पानी मारनाऱ्याचा पन वाटा असतं."
किती, ते नाही सांगितलं.

राहिली नववी जोडी.
तिच्यात अंतर एकशे चाळीसच्या वर,
एवढ्या लांबून कुणी कुणाची घडी सोडवत नाही,
तरी निरोप विझतोय, प्रत्येक नमुन्यात.
उबेद म्हणतो, मध्ये तिसरं कुणीतरी आहे.
मी पुन्हा प्रोग्राम लावला आहे.
आज दिवे बंद करायला
दोघंही विसरलो.